रेघांचं शीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघांत छातीठोकपणे सांगते. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही, कदाचित म्हणूनच.

चामोर्शीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. जागा सुमनबाईंची. पुढची खोली माझी, मागे त्यांचं घर, मध्ये एक पातळ भिंत. बाई एकट्याच राहतात. ब्लाउज शिवायच्या. शिवणाऱ्या गावात पुष्कळ आहेत हो, पण बाईंचं निराळं होतं. मालिकेतल्या सुनेच्या ब्लाउजचा गळा त्या टीव्हीवर नीट बघून घेत, आणि पुढच्या बाजाराला तोच गळा कुणाच्या तरी पाठीवर दिसे. चौदा एप्रिलच्या जयंतीला आख्ख्या मोहल्ल्याचे पांढरे ब्लाउज त्यांच्या मशीनवरचे.

एकदा त्यांचा टीव्ही माझ्या टेबलावर उघडा पडला होता, आवाजाची किरकोळ तक्रार होती. शेजारी त्याच कंपनीचा, त्याच मापाचा दुसरा — तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचा. त्यांच्या घरी संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि ठेकेदारांचा माणूस दारात बसला होता. आता एवढं समजून घ्या — टीव्हीच्या काचेमागे प्लास्टिकची पातळ शीटं असतात. त्यातल्या एकावर बारीक रेघा असतात. मागच्या लाइटचा पसरणारा उजेड त्या रेघा गोळा करतात आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाठवतात. ते शीट काढलं, तर लाइट तेवढेच, करंट तेवढाच, पण चित्र मलूल.

घाईत माझ्या हातून सोल्डरिंगची गरम सळई सटकली. ठेकेदारांच्या शीटला मधोमध भोक पडलं.

नवीन शीट नागपूरहून येणार. मी काय करायला हवं होतं? दारात जाऊन सांगायला हवं होतं, इतकंच. चार शिव्या बसल्या असत्या. पण मी घाबरलो. बाईंच्या टीव्हीतलं शीट काढलं आणि ठेकेदारांच्या टीव्हीत घातलं. बाई काय, घरच्याच — आठवड्याभरात बसवून देऊ, असं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाई दुकानात आल्या. ‘अंधूक दिसून राह्यलं रे बापू.’ रिमोटवरून उजेड शेवटपर्यंत वाढवून पाहिला होता त्यांनी. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. आणि माझ्या तोंडून गेलं — टीव्ही ठीक आहे बाई, डोळे तपासून घ्या.

कुठून सुचलं? अजून कळत नाही.

त्या सरकारी दवाखान्यातल्या शिबिराला गेल्या. जवळचा चष्मा घेऊन परत आल्या, आणि माझ्या काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. ‘डॉक्टर म्हणते, बाकी काईच नाई. मंग मले काऊन अंधूक दिसते?’ तेव्हा नागपूरचं शीट आलेलं होतं. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, काउंटरच्या खणात. मी म्हणालो, शिबिरात घाईघाईनं पाहतात बाई. त्यांनी मान हलवली. ‘तेही खरंच. तुले समजते.’

डॉक्टरपेक्षा त्यांनी माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. का? तर त्यांच्या लेखी मी उजेडातलं जाणणारा माणूस.

आणि मग मी अडकलो. शीट बसवलं की चित्र लख्ख होणार, आणि चित्र लख्ख झालं की बाईंना सगळं कळणार. म्हणून ते खणातच राहिलं. दरम्यान बाईंनी एका नवरीच्या ब्लाउजचा गळा टीव्हीवरून अंदाजानं कापला. तो बिघडला. ऐन लग्नात बोभाटा झाला. बाईंनी मशीन भाचीला देऊन टाकलं. म्हणाल्या, लोकायच्या पोरीचे कपडे बिघडवत नाई बसायचं.

याच्याही पुढचं आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर मी स्वतःला नुसता भित्रा म्हटलं असतं. पुढे त्या टीव्हीच्या लाइटच्या पट्ट्या जळाल्या. मी नवीन टाकल्या, तर चित्र पहिल्यापेक्षा उजळ आलं. बरं वाटायला हवं होतं ना? मला मात्र ते चित्र बाईंना दिसायला नको होतं. पट्ट्या टिकाव्यात म्हणून आम्ही करंट थोडा कमी करतो, ती आमची रीतच आहे. मी तो कमी केला, आणखी कमी केला. बाईंना सवय झाली होती तितकं मलूल चित्र होईपर्यंत करत राहिलो. आयुष्यात इतक्या काळजीनं मी दुसरं कुठलं काम केलेलं नाही.

आता बाई बाजारालाही जात नाहीत. नाली ओलांडताना माझा हात धरतात, दिवसाढवळ्या. त्यांना दिसतं. पण दिसतं यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही.

परवा त्यांनी टीव्ही मलाच देऊन टाकला. ‘मले दिसत नाई, त कायले जाळाचा करंट? तू वापर.’ वर माझ्या लेकरांना बघायला होईल म्हणाल्या.

बाई दुपारी झोपल्या तेव्हा मी शीट बसवलं. करंट पूर्ववत केला. चालू केला — कुणा सुनेची पाठ दिसली, गळ्याचा टाका न टाका मोजता येईल अशी.

बाई उठून ओट्यावर येऊन बसल्या. मी टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो अजून तसाच आहे.