इंजिन बंद केल्यावर

मंगळवार, सकाळी दहा. गॅरेजात हजर: मी, माझे वडील अप्पा आणि मेकॅनिक बबनराव. तक्रार: सीएनजी बसवलेली गाडी उभी असताना थरथरते.

पेट्रोलवर ती शांत असते, गॅसवर घेतली की थरथर सुरू. प्लग, एअर फिल्टर, गॅस फिल्टर, सगळं बदलून झालं होतं.

"मग ताई, व्हॉल्व्ह बघावे लागतील. गॅसवर ते आतल्या आत झिजतात, कळत नाही," बबनराव म्हणाले.

इंजिन गॅसवर चालूच होतं. पुढच्या सीटवर बसलेल्या अप्पांचा उजवा हात गुडघ्यावर हलत होता. "बघ गं, कशी हलवते मला तुझी गाडी," ते म्हणाले. दोन महिने ते हेच म्हणत होते आणि मी मानत होते.

बबनरावांनी वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, गाडीची थरथर थांबली. अप्पांचा हात हलत राहिला. त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुरुस्त होणाऱ्या गोष्टीवर दोष टाकला, की दुरुस्त न होणारी काही दिवस दिसत नाही.

व्हॉल्व्हचं काम गुरुवारी, असं मी वहीत लिहिलं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळही घ्यायची आहे. ते अजून लिहिलेलं नाही. वही अप्पाही बघतात.