एका दमातली आरोळी

“चाचा, हा जीबीएस आहे. गुलेन बॅरी सिंड्रोम,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी बीडच्या दवाखान्यात खाटेवर पडून स्वतःच्याच पायांकडे परक्यासारखा बघत होतो. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग माजलगावात मोसंबीच्या गाड्यावर उभा असतानाच गुडघे वाकले. थकवा असेल, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

मॅडमनी समजावलं. मेंदूपासून बोटांच्या टोकांपर्यंत नसा गेलेल्या असतात आणि विजेच्या तारेवर असतं तसं त्यांच्यावर वेष्टण असतं. त्याला मायलिन म्हणतात. माझ्याच अंगातल्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे प्रतिकारशक्तीनं, जंतू सोडून ते वेष्टण कुरतडायला घेतलं होतं. एनसीव्ही तपासणीत नसेला बारीक झटका देऊन निरोप किती वेगानं जातो ते बघतात. माझा निरोप रखडत होता.

“हे पायांकडून वर चढतं. श्वासापर्यंत पोचलं तर व्हेंटिलेटर लावावा लागेल.”

छातीखाली डायफ्राम नावाचा पडद्यासारखा स्नायू असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. जन्मापासून तो माझ्यासाठी राबतोय आणि मी त्याचं नावही कधी विचारलं नव्हतं.

श्वासाचा जोर कळावा म्हणून मॅडम एका दमात आकडे मोजायला लावायच्या. भीतीनं माझे आकडेच चुकायचे. “गाड्यावर काय ओरडता? तेच म्हणा,” त्या म्हणाल्या. “मोसंबी गोऽड, मोसंबी रसाची, घ्या मोसंबी!” ही माझी आरोळी. एरवी ती बसस्टँडपर्यंत ऐकू जायची. इथं दुसऱ्या मोसंबीलाच दम तुटला. मग रोज सकाळी हीच परीक्षा. माझी बायको रेहाना दाराशी उभी राहून माझ्याबरोबर ओठ हलवायची.

गिळणंही कमजोर झालं होतं. तोंडानं काही खायला द्यायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण जातं? मी तर माजलगावच्या दवाखान्याच्या फाटकाशीच फळं विकणारा. रस पाजा, माणूस उठून बसेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारा. मेहुणा सलीम माझ्याच गाड्यावरच्या मोसंब्यांचा रस घेऊन आला.

“दुल्हेभाई, दोन घोट घ्या. ताकद कशानं येनार?”

“डॉक्टर न्हाई म्हनल्यात,” रेहाना म्हणाली.

“खायाला न्हाई म्हनल्यात. रस काय जेवन हाय का?”

मलाही पटलं. पहिलाच घोट भलत्या वाटेनं गेला. खोकायलाही जोर नव्हता, डोळ्यांपुढं अंधारी आली. सिस्टरनं धावत येऊन नळीनं रस ओढून काढला. सलीमनं ग्लास खाटेखाली सरकवला.

मॅडम आधी कडाडल्या, मग शांतपणे म्हणाल्या, “गळ्यात पुढं श्वासाची नळी आणि मागं अन्नाची. प्रत्येक घोटाला श्वास थांबतो, श्वासाच्या नळीवर झाकण पडतं आणि घोट मागं सरकतो. नसा ढिल्या पडल्या की पातळ पदार्थ आधी वाट चुकतो.”

मी थक्क झालो. एवढी कसरत, आणि आपण गप्पा मारत चहा पितो! त्या दिवसापासून नाकातल्या नळीनं पेज सुरू झाली. पडल्या पडल्या मी आतला कारभार न्याहाळू लागलो. हृदय न सांगता चाललेलं, मूत्रपिंडं रक्त गाळतायत, आतडी पेज पचवतायत. एक खातं संपावर, बाकीची मुकाट्यानं कामावर. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. लोकांनी दान केलेल्या रक्तातून काढलेली ती प्रथिनं. कोणाकोणाची, अल्लालाच ठाऊक. त्यांनी माझे बहकलेले पहारेकरी आवरले. रक्त देणाऱ्या त्या सगळ्यांना माझी दुआ लागो.

दुखणं श्वासाच्या उंबऱ्यावर थांबलं. मग एका सकाळी आरोळी शेवटच्या मोसंबीपर्यंत पोचली. समोरच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, “कशी दिली रं, बाबा?” सगळा वॉर्ड हसला. रेहाना मात्र रडली.

तुमच्या माणसाच्या पायांना मुंग्या येऊन बळ जायला लागलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आता काठी टेकून मी पुन्हा फाटकाशी उभा असतो. कुणी मोसंबी मागितली की विचारतो, “पेशंटला गिळता येतं का? आधी डॉक्टरला इचारून या.” सलीम कपाळाला हात लावतो. काल एक जण खरंच विचारायला गेला आणि परत आलाच नाही. मी तांब्यातलं पाणी प्यालो. घोट नीट मागच्या वाटेनं गेला, तसं मी मनात शुक्रिया म्हटलं.