पांढऱ्या दगडाची धूळ

खाण बंद झाली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. बैलगाडीत एक ट्रंक, दोन वळकट्या आणि पिठाचा डबा. हे गाडीच्या मागे चालत होते. खाणकामगारांच्या चाळीच्या शेवटच्या खोलीपाशी धाकटे दीर, दामूभाऊजी, उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, पाणी उपसलं की खाण पुन्हा चालू होईल, पाहा." चढावर ह्यांना धाप लागली आणि ते गाडीत येऊन बसले. बत्तीस वर्षांचा माणूस.

नागपूरकडच्या रानातली ती खाण लहानशी होती. अभ्रकाच्या चमचमत्या खडकातून गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, एक पांढरी शीर खाली गेलेली, कुठे हातभर रुंद, कुठे बोटभर. त्या गारेत सोनं असायचं, पण डोळ्यांना दिसेल असं क्वचितच. शिरेच्या कडेला काळा, जड दगड लागायचा. माझ्या आईच्या तरुणपणी तो ढिगावर फेकून देत. मग दुसरी मोठी लढाई लागली, तेव्हा कोणी साहेब आला आणि कळलं की तो टंगस्टनचा दगड, त्यानं पोलाद कणखर होतं. ज्या बायकांनी तो फेकला होता त्यांनाच तो वेचायला ढिगावर बसवलं. लहानपणी आईबरोबर मीही तेच काम केलं. वडील खाणीत नमुने गोळा करायचे. ते सांगायचे, "काळा दगड हातात घेऊन पाह्य पोरी, जड लागते का." अजूनही दगड उचलला की मी नकळत त्याचं वजन जोखते.

लढाई संपली, काळ्या दगडाचा भाव पडला. सोन्याची शीर खाली जाता जाता बारीक होत गेली. शेवटी तिसऱ्या पातळीवर पाणी फुटलं आणि पंप हरले.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. खडक फोडायला ड्रिल चालवणारी माणसं हवी होती आणि ह्यांच्या हातात दुसरी विद्या नव्हती. बोईसर स्टेशनावर उतरलो तेव्हा खारट वारा आला. हे म्हणाले, "इथला दगड सगळा काळा आहे. पांढरी शीर नाही." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

चार महिने काम मिळालं. मग एके दिवशी ड्रिल हातात असतानाच खोकल्याची उबळ आली आणि हे खाली बसले. मुकादम म्हणाला, "बीमार आदमी यहाँ नहीं चलेगा." एक्स-रे काढला, छातीत डाग निघाले. टीबी म्हणून शिक्का बसला. मजुरांच्या झोपड्यांतल्या बायकांनी माझी घागर नळावरून बाजूला काढून ठेवली. मी त्यांना दोष देत नाही; त्यांच्याकडे लहान लेकरं होती.

तेव्हा जिवीबायनं आम्हाला जागा दिली. ती तारापूरजवळच्या मच्छीमार वाडीतली विधवा, मी जळणाची लाकडं विकायचे तेव्हा तिनं कधीतरी घेतलेली, एवढीच ओळख. मी आधीच सांगितलं, "ह्यांना टीबी आहे म्हणतात."

"म्हनू दे," ती म्हणाली. "पडवी रिकामी हाय. आमी काय उद्या मरनार नाय."

मी मासळी सुकवायला तिच्याबरोबर जाऊ लागले. वर्षभर इंजेक्शनं घेतली, पण ह्यांचं वजन उतरतच गेलं. शेवटी पालघरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "कुठल्या खाणीत होता?"

मी सांगितलं.

"ड्रिलवर पाणी सोडायचे?"

हे म्हणाले, "कोरडंच. पाण्याची सोय नव्हती."

"हा टीबी नाही. गारेची धूळ फुप्फुसात बसली आहे. ती निघत नाही." एक्स-रे खाली ठेवत ते म्हणाले, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं खाली?"

ह्यांनी बोटांवर एकेक नाव मोजायला सुरुवात केली. गावाकडे ज्यांना दम्यानं नेलं, टीबीनं नेलं असं आम्ही म्हणत होतो, ती सगळी त्याच शिरेवरची माणसं होती. माझे सासरेही. 'पांढरी शीर नाही' हे ह्यांचं बोईसरचं बोलणं मला तेव्हा उमगलं; त्या धुळीची शंका ह्यांना आधीपासून होती.

त्याच महिन्यात दामूभाऊजींचं पत्र आलं. काळ्या दगडासाठी नवा ठेकेदार खाण उघडतो आहे, मी ड्रिलवर लागतो. ह्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. एका वाक्याला तीनदा श्वास घेत सांगितलं, "लिही. खाली जाऊ नको. जायचंच तर पाण्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नको." उत्तर आलं, "दादा, इथं दुसरं काय आहे?"

हे गेले ते भरदुपारी, पडवीत बसल्या बसल्या. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून शेवटचे कित्येक महिने बसूनच झोपायचे. वाडीत टीबीची कुजबुज होतीच. मला एकच धास्ती होती, ह्यांना उचलणार कोण? जिवीबायच्या दोन मुलांनी त्या दिवशी होडी लोटली नाही. शेजारचे दोघे आले. पूर्वी कधी माझ्याशी बोलले नव्हते. किनाऱ्यावरच्या सरणासाठी जुन्या होडीच्या फळ्या काढल्या.

चाळीतल्या सगळ्यांनी कळवलं, आता परत ये, आपल्या माणसांत ये. मी गेले नाही. राग नव्हता. पण ज्यांनी ह्यांना खांदा दिला ते इथे होते.

दोन वर्षांनी खाण पुन्हा बंद पडली. दामूभाऊजींचं पत्र आलं, अक्षर वेडंवाकडं. चढ चढवत नाही, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "वहिनी, तिकडं जागा आहे का?"

मी जिवीबायला वाचून दाखवलं. ती जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "मना कशाला विचारतंस? घर तुजं नाय काय?"

मी कार्डावर एवढंच लिहिलं, "घर आहे. या."