सिंह सोडून नीलपंख

आज इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला ऑफिसच्या कार पार्कमध्ये बॉनेटवर एक निळं पीस सापडलं आणि मी मनाने थेट आफ्रिकेतल्या सफारीच्या त्या लाल धुळीच्या रस्त्यावर पोचलो. गाडी मीच चालवत होतो. दोन दिवस शोधल्यावर डावीकडे सिंह दिसला, तेवढ्यात मागच्या सीटवरून आई ओरडली, "अरे, उजवीकडे नीलपंख! आज दसरा, तो दिसणं शुभ असतं. काढ फोटो!"

"आई, सिंह आहे इकडे!"

"तो बसलाय. हा उडेल."

फोटो काढून वळलो, तर सिंह गवतात गडप. संध्याकाळपर्यंत मी फुगून बसलो.

आत्ता तो फोटो उघडला. पक्षी म्हणजे नुसता निळा ठिपका. पण गाडीच्या बंद काचेत उमटलेली, हात जोडून तोंडभर हसणारी आई लख्ख दिसते. सिंहाचं काय, तो कुणाच्याही फोनमध्ये असतो.