कोलंबो ते माले, दीड तास

कोलंबोहून मालेला विमानाने किती वेळ लागतो, एवढंच माझ्या साडूने विचारलं होतं. मी दीड तास म्हणालो. उत्तर बरोबर होतं, आणि ते मी त्याला तोंडघशी पाडण्यासाठी दिलं होतं.

अंधेरीच्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी बेटांच्याच सहली आखतो. त्या रविवारी आम्ही त्याच्याकडे मुलुंडला जेवायला गेलो होतो. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून ठरवलेली सहल त्याने मोबाईलवर दाखवली. आधी श्रीलंका, मग मालदीव, सगळं बुकिंग स्वतः केलेलं. "हल्ली तुमच्यासारख्यांची गरजच काय रे? हे बघ, नकाशावर बोटभर अंतर."

बोटभर म्हणजे पावणेआठशे किलोमीटर, इथून नागपूरच्याही थोडं पुढे. पण अडचण अंतराची नव्हती. मालेचा विमानतळ हेही एक बेटच. तिथून रिसॉर्टच्या बेटावर पाण्यावरून उडणारं छोटं विमान जातं, आणि ते उजेड असेपर्यंतच उडतं. साडूचं विमान उतरणार होतं संध्याकाळी, म्हणजे मुक्काम मालेतच. आमच्या धंद्यात नवख्यालाही हे ठाऊक असतं. बुकिंगबरोबर येणाऱ्या सूचना वाचणारा तो माणूस नाही. त्याच संध्याकाळी रिसॉर्टवर वाळूत टेबल मांडून दोघांचं जेवण ठरलं होतं. मी मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली.

कारण सांगतो. माझे वडील घाटकोपरच्या आमच्या घरात कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या तेराव्याला मी पंगतीत लाडू वाढत होतो. साडू म्हणाला, "म्हातारा सुटला. खरं सांगू? त्याच्यापेक्षा तूच सुटलास." दोघं-तिघं हसले. मी पुढच्या पानाकडे वळलो. वडील गेले त्या पहाटे मला नेमकं तेच वाटलं होतं आणि ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलला असता तर मी विसरून गेलो असतो.

सहलीतल्या त्या संध्याकाळी मालेहून मेहुणीचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला. मागे साडू काउंटरवरच्या माणसावर ओरडत होता, दीड तासाचा प्रवास आहे, मला माहितीय. ते ऐकून मला बरं वाटलं. मग मेहुणी रडतच म्हणाली, वेळ वाचावा म्हणून ती विमानतळाच्या बाथरूममध्येच पैठणी नेसली होती. आता तशीच बाकावर बसलीय, लोक बघतायत.

बायकोने फोन ठेवला. "तुला माहीत होतं ना?"

"हो."

तिने का म्हणून विचारलं. पंगतीतलं सांगायचं तर पहाटेचंही सांगणं आलं. दोन्ही सांगितलं.

"बाबांचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण रडवलंस माझ्या बहिणीला."

मेहुणी परतल्यावर मी मुलुंडला जाऊन तिची माफी मागितली. साडू तेव्हा आतल्या खोलीत होता. त्याचीही मागावी, असं बायको म्हणते. अजून मागितलेली नाही. त्याचं ते ओरडणं आठवलं की आजही मला बरं वाटतं.