एक, दोन, दोन्ही, बंद

माझा मामा कुलूप लावल्यावर ते इतकं ओढून बघायचा की एकदा कडीच त्याच्या हातात आली. आम्ही भाचरं त्यावरून त्याला पिडायचो, पण मामा ढिम्म. उभा जन्म त्याने नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवली. पुढे पूल झाला, माणसं पुलावरून जायला लागली, आणि मामा-मामी भाड्याची खोली सोडून त्याच जुन्या लाकडी बोटीवर राहायला गेले. मामीने खिडक्यांना पडदे शिवले, फळीवर डबे मांडले, आणि आता मला इथून कुणी हलवायचं नाही, असं सगळ्यांना बजावून टाकलं.

बोटीवर बॅटरी एकच. इंजिनही तिच्यावर चालू व्हायचं आणि दिवा, रेडिओही तिच्यावरच. तारा जुन्या, ओल धरलेल्या. असल्याच तारांपायी शेजारची एक बोट जळताना मामाने पाहिली होती. तेव्हापासून काठावर पाऊल ठेवण्याआधी बॅटरीची तार सोडायची, हा त्याचा नेम. त्यासाठी छोटा पाना कायम खिशात. मामी आत रेडिओ ऐकत असली तरी हा आपल्या तंद्रीत नट सोडायचा. रेडिओ मध्येच गप्प व्हायचा आणि आतून मामीची हाक यायची, "अहो, मी आहे अजून!" मग मामा ओशाळून तार परत जोडायचा. आम्हा सगळ्यांचा हा ठरलेला विनोद होता.

मग मामीची फुप्फुसं गेली. ऑक्सिजनचं मशीन सतत चालू हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिळालं ते मशीन जुनं, त्याच्या आतली बॅटरी कधीच मेलेली, म्हणजे वीज गेली की ते थांबलंच. मामेबहीण, म्हणजे ताई, म्हणाली की आईला माझ्या घरी आणा. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. मामीने मान हलवली. तिथे चढले की मी परत खाली यायची नाही, एवढंच ती म्हणाली. मामाने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की वीज मी आणतो, तू फक्त टॉर्च धर.

जुनी बॅटरी त्याने इंजिनासाठी राखून ठेवली. शेजारी दुसरी, मोठी बॅटरी आणली आणि तिचं नाव ठेवलं 'घरखर्चाची'. दिवा, पंखा आणि इन्व्हर्टर लावून मामीचं मशीन हिच्यावर. बोट डुलली तरी ती हलू नये म्हणून पेटीत बसवून पट्ट्याने आवळली. जुन्या तारांवरची हिरवी बुरशी मी खरवडून काढली, नवा फ्यूज त्याने लावला. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे एक गोल, जाड मुठीचा स्विच. त्यावर चार जागा: एक, दोन, दोन्ही, बंद. एक इंजिनाची, दोन घरखर्चाची. इंजिन चालू असताना दोन्हीवर ठेवायचं, म्हणजे दोघी भरतात. इंजिन थांबलं की आठवणीने दोनवर, नाहीतर मशीन दोघींना पिऊन टाकणार. स्विच त्याने पायऱ्यांपाशी बसवला. तिथे तारा आखूड राहतात आणि उतरताना हाताला लागतो, असं मला कौतुकाने दाखवलं. पान्याची कटकट गेली, म्हणाला. मामी दवाखान्यातून बोटीवर आली आणि मशीन घूं करत चालायला लागलं, तेव्हा हा बाबा तासभर नुसता त्या आवाजाकडे बघत बसला होता.

त्या सकाळी मामा काठावरच्या नळावर पाणी भरायला गेला होता. मी भाजी घेऊन आले ती त्याच्याबरोबरच बोटीत शिरले. आत आवाज नव्हता. मामी बाकावरून खाली घसरून बसली होती, एक हात पायऱ्यांच्या दिशेने टेकलेला, ओठ निळे पडलेले. मामाच्या हातातला कॅन सुटला. स्विच 'बंद'वर होता.

त्याने मूठ फिरवली, मशीन सुरू झालं. मी मामीला धरून पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळाने ती बोलली. "हाक मारली हो. आवाजच फुटला नाही."

आपण स्विचला हात लावल्याचं मामाला आठवतच नव्हतं. कसं आठवणार? पान्याने नट सोडायला वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. या स्विचला मनगटाची एक मुरड पुरे. मी म्हटलं, त्याच्यावर चिकटपट्टी लाव, नाहीतर खिळा ठोक.

"पट्टी काढणारा हातही माझाच ना," तो म्हणाला. "तो मला विचारून काही करत नाही."

मामी नाही नाही म्हणत रडली. रडताना तिला धाप लागली म्हणून तेही तिला धड करता आलं नाही. मामाने त्याच दुपारी ताईला फोन लावला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी बोलले नाही, आणि तो बरोबर होता म्हणून आणखीच राग आला. मामीला खुर्चीत बसवून बोटीबाहेर काढलं, तेव्हा तो पायऱ्यांवर दोन्ही हात खिशात घालून उभा होता. स्विच त्याने मला बंद करायला लावला.

आता ताईच्या घरी तो एकाही बटणाला हात लावत नाही. न्हाणीघरातला दिवा दिवसाढवळ्या जळत असतो, पंखे रिकाम्या खोल्यांत फिरतात, आणि ताई करवादत त्याच्यामागून बंद करत हिंडते. दारालाही तो आपण होऊन कुलूप लावत नाही. परवा मामीने त्याला जरा नदीवर जाऊन या म्हटलं. तो चपला घालून दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, हात खिशात. मशीनचा आवाज ऐकत राहिला.

मामीने उशीवरून मान उचलली. एकेक शब्दाला श्वास जमवत म्हणाली, "जा ना. मी आहे अजून."

मामाने चपला काढून ठेवल्या आणि तिच्यापाशी येऊन बसला.