व्हर्जिल तेस्केची आंघोळ

…तर दार बंद झालं, इथवर काल आलो होतो. केटल फोर्कच्या बेसबॉल मैदानामागची मॅनेजर ऑरिन पल्सिफरची ती कोंदट खोली, दाराला वर काच. आत पल्सिफर आणि क्लबच्या ऑफिसातला हॅगस्ट्रॉम. हॅगस्ट्रॉम जिना उतरून खाली आला की कोणाचं तरी बिऱ्हाड हललंच म्हणून समजावं. व्हर्जिल तेस्केनं काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की हॅगस्ट्रॉमनं घडी घातलेला एक कागद पुढं केला, पल्सिफरनं तो वाचला, नाक खाजवलं आणि कागद खिशात सरकवला. रविवार, दुपारचे बारा. एकला सामना, आणि चेंडू टाकायचा होता तो व्हर्जिलनंच.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. व्हर्जिल हा नेब्रास्कातल्या डुकरं पाळणाऱ्या घरातला. वय छत्तीस, त्यातली सतरा वर्षं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, म्हणून काढलेली. मोठ्या लीगच्या मैदानात त्यानं एकदाच पाय ठेवला, तोही तिकीट काढून. बाकी सगळी लहान गावं, लहान संघ आणि बसच्या सीटवर वाकडी झालेली पाठ. केटल फोर्क हा त्याचा आठवा संघ. आधीच्या सातांनी त्याला काढलं होतं, आणि नववा कोणी घेणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. इथून निघाला की सासऱ्याच्या धान्याच्या कोठारात पोती मोजायची, एवढंच उरलं होतं. बायको नोरीन यंदा प्रथमच सोबत आली होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या जिन्यात तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावले होते. ती म्हणायची, घरी लवकर ये. तो म्हणायचा, खोलीवर यायला सहा वाजतील. सतरा वर्षांची जिभेची सवय, 'घर' हा शब्द तोंडात यायचाच नाही, दुसरं काय.

आणि काढतात कसं, तेही ऐकून ठेवा. मळलेल्या, घामेजल्या माणसाला काढायला कोणत्याच मॅनेजरचा जीव धजत नाही. सामना संपला की त्याला आंघोळ करू देतात, आणि तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला की हळूच म्हणतात, जरा आत ये. सातही वेळा व्हर्जिलचे केस ओले होते. आयोवात तर मॅनेजरला कुठं जेवायला जायची घाई होती, त्यानं न्हाणीच्या पडद्याबाहेरूनच सांगून टाकलं. व्हर्जिलच्या डोळ्यांत शाम्पू. त्यानं डोळे मिटूनच आभार मानले, हात पुढं केला, चांगला दाबून हात मिळवला. डोळे धुऊन बघतो तर मॅनेजर केव्हाच गेलेला, आणि हातात हात मालिशवाल्याचा.

पण त्याआधी एक खूण असते. ज्याला काढायचंय त्याच्याशी संघातलं कोणी बोलत नाही. वाईट मनानं नव्हे हो. काय बोलावं ते सुचत नाही, आणि आपल्यालाही लागण होईल की काय अशी भीती. बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होते. ही शांतता व्हर्जिल नुसत्या पाठीनं ओळखायचा.

सामना सुरू झाला. दुसऱ्या डावात समोरच्यानं एक चेंडू तिसऱ्या बेसकडं सणसणीत मारला. तिथल्या पोरानं हात घातला, चेंडू तळव्यावर आपटून उडाला, आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. व्हर्जिलनं मनात नोंद केली, एक हिट गेली, म्हणजे गड्यानं आपल्या फटक्याच्या जोरावर बेस मिळवला. आता गंमत अशी, की हिट होती की क्षेत्ररक्षकाची चूक, हे ठरवणार वर माडीवर वही घेऊन बसलेला गावचा गुरांचा डॉक्टर. त्यानं लिहिलं, चूक. आणि फळ्यावर हिट दाखवायची पाटी मे महिन्यातल्या वादळात कुणाच्या तरी मक्यात जाऊन पडली होती. तेव्हा माडीवरच्या वहीत काय लिहिलंय, ते तोंडोतोंडी पसरलं आणि व्हर्जिल सोडून सगळ्यांना कळलं.

पाचवा डाव संपवून तो बाकावर आला. पहिल्या बेसवर खेळणारा एलाडिओ रोज त्याच्या शेजारी बसायचा. डोमिनिकन पोरगा, तेवीस वर्षांचा, व्हर्जिलला 'आजोबा' म्हणायचा. दर डावानंतर पिशवीतल्या सूर्यफुलाच्या बिया त्याच्या तळव्यावर ओतायचा आणि म्हणायचा, खा आजोबा, दात आहेत तोवर. आज व्हर्जिलनं सवयीनं हात पुढं केला. एलाडिओनं त्याच्याकडं न बघता पिशवी बाकावर ठेवली, बोटानं त्याच्याकडं ढकलली आणि उठून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

व्हर्जिलनं पुढं केलेला हात मागं घेतला. म्हणजे पोरांनाही कळलंय.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पिचरनं नऊच्या नऊ डावांत एकही हिट दिली नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. असे पिचर शंभरात दोन-चार निघतील. आणि ते चालू असताना त्या पिचरशी कोणी अवाक्षर काढायचं नाही, शेजारी बसायचं नाही, नाहीतर मोडतं, असं सगळे खेळाडू व्रतासारखं पाळतात. पोरं आनंदानं गप्प होती. पण ती शांतता आणि काढलेल्या माणसाभोवतीची शांतता, दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. आणि व्हर्जिलची ओळख एकीशीच होती.

सहावा डाव. पाणी प्यायला तो उठला तर दोघं भांडं सोडून बाजूला झाले. त्यानं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, आज ऊन काय आहे. कोणी हूं केलं नाही. पल्सिफरकडं पाहिलं तर पल्सिफर खिशावर हात ठेवून आकाशातले ढग मोजत होता. तो खिसा, त्यातला तो कागद.

त्या वेळी व्हर्जिलच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. चेंडू ज्याच्या हातात आहे, त्याला आत ये म्हणता येत नाही. मैदानातल्या त्या मातीच्या उंचवट्यावर उभे आहोत तोवर आपण पिचर आहोत. तिथून उतरलो की आंघोळ, आणि आंघोळ म्हणजे ते दार. तेव्हा उतरायचंच नाही.

सातवा डाव त्यानं दात आवळून काढला. कोपरात सुई टोचल्यासारखं दुखत होतं, पण खांदा चोळायला हात वर नेला तर पल्सिफरला दिसेल, म्हणून चोळलाही नाही. आठव्यात चार-चार चेंडू बाहेर टाकून दोघांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं, ती हिट धरत नाहीत, मग तिघांना ओळीनं बाद केलं. आपल्या बाजूनं एक धाव, समोर शून्य. प्रेक्षकांतही आवाज नव्हता. तो समजला, गावालाही कळलं. नोरीन तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं हात हलवला नाही, दोन्ही हात मांडीखाली घातले होते. त्यानं पटकन नजर वळवली.

नववा डाव. पहिला झेल देऊन गेला. दुसऱ्याला चार चेंडू बाहेर गेले, तो चालत बेसवर. तिसरा बाद. चौथा पुन्हा चालत. दोन बेसवर दोघं, तिसरा आणि शेवटचा एक गडी बाद करायचा उरलेला, आणि बॅट घेऊन आला तो त्यांचा सगळ्यांत धिप्पाड माणूस. तेवढ्यात पल्सिफर बाकावरून उठला आणि सावकाश मैदानात चालत आला.

मॅनेजर चालत आला आणि हात पुढं केला, की पिचरनं मुकाट्यानं चेंडू द्यायचा आणि जायचं, असा नियमच आहे. सतरा वर्षांत व्हर्जिलनं तो एकदाही मोडला नव्हता. आज त्यानं चेंडू हातमोज्यात घातला, हातमोजा काखेत दाबला आणि वर दुसरा हात ठेवला.

"देणार नाही, स्किप," तो म्हणाला. पल्सिफरला सगळे स्किप म्हणत.

पल्सिफर बिचारा त्याला घटकाभर दम घ्यायला मिळावा म्हणून आला होता. नो-हिटरचं नाव काढायचं नाही, म्हणून त्याला मुळात काही बोलायचंच नव्हतं. त्यानं व्हर्जिलच्या तोंडाकडं पाहिलं, काखेकडं पाहिलं.

"मागितलाय कोणी?" एवढंच म्हणून तो परत फिरला.

धिप्पाड गड्यानं पहिले दोन चेंडू सोडले, तिसरा मारला. चेंडू थेट व्हर्जिलच्या नडगीवर येऊन बसला आणि पहिल्या बेसच्या बाजूला घरंगळला. व्हर्जिल लंगडत धावला, चेंडू उचलला. आता सोपं काम. पहिल्या बेसवर एलाडिओ हातमोजा उघडून उभा, त्याच्याकडं फेकायचा की संपलं. सगळ्यांनी फेक, फेक म्हणून गलका केला. एलाडिओचं तोंडही इतक्या वेळानं उघडलं.

"टाका, आजोबा!"

पण व्हर्जिलच्या हातून चेंडू सुटेना. तो चेंडू छातीशी धरून स्वतःच बेसकडं धावत सुटला; गड्याआधी तिथं पाय टेकला तरी बादच. एका गुडघ्यात वंगण नाही, एक नडगी सुजलेली, आणि पलीकडच्या रेघेवरून तो रेड्यासारखा गडी धावत येतोय. एलाडिओनं घाबरून बेसवरून उडी मारली. दोघं एकदमच पोचले असं वाटलं. पंच गुडघ्यावर वाकला, थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं मूठ वर केली. बाद. अर्ध्या पावलानं.

सगळा संघ व्हर्जिलच्या अंगावर पडला. बर्फाच्या पाण्याचा पिंप त्याच्या डोक्यावर ओतला. ढिगाऱ्याखालून तो विचारत होता, काय झालं, काय झालं. एलाडिओनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. व्हर्जिल म्हणाला, अरे पण दुसऱ्या डावात एक हिट गेली की. तेव्हा कुठं त्याला गुरांच्या डॉक्टरची वही कळली.

हसला, नोरीनला मिठी मारली, सगळं केलं. पण कपडे बदलायच्या खोलीत येताच पल्सिफर म्हणाला, "व्हर्जिल, आंघोळ कर आणि जरा आत ये."

तो जागच्या जागी बाकावर बसला. पोरं न्हायली, कपडे घालून एकेक करून गेली. एलाडिओ जाताना त्याच्या मांडीवर बियांची पिशवी ठेवून गेला. व्हर्जिल तसाच, पायांत खिळ्यांचे बूट, अंगावर माती, चेंडू हातात. तासाभरानं पल्सिफरच बाहेर आला.

"अजून आंघोळ नाही?"

"सात वेळा केली, स्किप. सातही वेळा काढलं."

पल्सिफर त्याच्या समोर बसला. खिशात हात घातला आणि रिकामा खिसा उलटा करून दाखवला. म्हणाला, तुझंच नाव होतं. खोटं कशाला बोलू. बारापासून वागवत होतो. आठव्या डावात हॅगस्ट्रॉम स्वतः खाली आला, हात पुढं करून कागद परत घेतला आणि न बोलता वर गेला. तोही बोलत नव्हता बघ. सीझन संपेपर्यंत तू इथंच. हेच सांगायला बोलावलं होतं.

व्हर्जिलनं त्या उलट्या खिशाकडं पाहिलं. मग वाकून बुटांची नाडी सोडायला लागला.

"आता तरी जा," पल्सिफर म्हणाला. "पाणी गरम आहे, आणि तुझ्या अंगाला डुकराच्या गोठ्यासारखा वास येतोय."

व्हर्जिलनं बूट काढले, चेंडू एका बुटात घातला आणि उठला.

"आज नको, स्किप. आज घरी जाऊन करतो."